न हलणारा कोपरा

१

कामतघर या कारखान्यांच्या वस्तीत शुक्रवार उजाडला हे कळायला कॅलेंडर लागत नसे. पाण्याच्या पेल्यात डोकावलं की पुरे. इतर दिवशी पेला कुठेही ठेवा, ताटाशेजारी, खिडकीत, देवघराच्या फळीवर, पाण्यावर बारीक बारीक वलयं उठतच असायची. घराला लागून कारखाना, त्याला लागून दुसऱ्याचा कारखाना, आणि सगळीकडे लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग, खडाखडा चाललेले. जमीनच थरथरायची, तिथे पाण्याचं काय घेऊन बसलात! शुक्रवारी मात्र कारखान्यांची वीज बंद. त्या दिवशी पाणी गप्प, फळीवरची भांडी गप्प, आणि केसरीनाथ आपल्या डार्करूममध्ये.

केसरीनाथच्या वडलांनी भाताची शेतं मोडून तिथे पत्र्याचा कारखाना उभा केला होता. ते गेले आणि लूम केसरीनाथच्या गळ्यात पडले. लूम हा त्याचा धंदा, पण जीव सगळा फोटोत. सुताच्या गोण्या ठेवायची एक अरुंद खोली त्याने रिकामी करून घेतली, खिडकीला काळा कागद आणि वर गोधडी ठोकली, लाल दिवा लावला, आणि एका बंद पडलेल्या स्टुडिओतून जुना एन्लार्जर आणून बसवला. निगेटिव्हमधून उजेड पाडून खालच्या कागदावर चित्र मोठं करणारं हे यंत्र. पण मोठं नाजूक. जरा थरथरलं की माणसाला दोन नाकं आणि चार कान. म्हणून इतर दिवशी त्याला हात लावायचा नाही. आठवडाभर फोटो काढायचे, शुक्रवारी छापायचे, असा रिवाजच पडून गेला.

दुपारची नमाज आटोपली की मोहिउद्दीन यायचा. तो शाळेपासूनचा दोस्त. बाजारात त्याचं घड्याळांचं आणि फोटोच्या सामानाचं दुकान होतं. डोक्यावरची टोपी खिशात घालत तो थेट डार्करूमच्या दारावर थाप मारायचा आणि आतल्याला विचारायचा, "आज तरी नाक एकच हाय का रे?"

त्याची ही थट्टा केसरीनाथला झोंबायची, कारण ती खरी होती. त्याला फोटो हवा होता तो चालत्या कारखान्याचा. बंद लूमचे फोटो शुक्रवारी कुणीही काढील, त्यात काय मजा? मागे लूमचं वादळ चाललंय आणि पुढे एक माणूस, पापण्यांचे केससुद्धा मोजता येतील इतका स्पष्ट, असं चित्र त्याच्या डोक्यात कित्येक वर्षं घर करून होतं. कारखान्यातला उजेड अंधूक, त्यामुळे कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागायचा, आणि तेवढ्यात स्टँडसकट कॅमेरा थरथरायचा. ठाण्याच्या हौशी मंडळाच्या प्रदर्शनात तो दर वर्षी फोटो पाठवायचा, आणि परीक्षक दर वर्षी तो फोटो डोळ्यांपासून लांब धरून म्हणायचे, "हात हलला वाटतं."

२

ते साल अठ्ठ्याऐंशी. दिवाळी होऊन गेली होती. एका शुक्रवारी केसरीनाथने एक कागद ट्रेमधल्या रसायनात बुडवला आणि लाल उजेडात चित्र वर येण्याची वाट पाहत बसला. आले ते नेहमीसारखेच हललेले लूम, हललेले खांब, हललेली खिडकी. तो कागद चुरगळून टाकणार तोच त्याची नजर डाव्या कोपऱ्यावर गेली.

कोपऱ्यात एक जुनं लाकडी स्टूल होतं. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, कधी केसरीनाथची बायकोही, त्यावर टेकायच्या. ते स्टूल अगदी स्पष्ट आलं होतं. लाकडाच्या रेषा, वरच्या खिळ्याचं डोकं, पायाशी सांडलेल्या तेलाचा डाग, सगळं. त्याच्या मागची भिंतही वीतभर स्पष्ट, आणि तिथून पुढे पुन्हा सगळं थरथरलेलं.

मोहिउद्दीनने फोटो दारात नेऊन उजेडात धरला. "हे होऊ शकत न्हाय," तो म्हणाला. "कॅमेरा हलला तर सगळं हलतं. एक कोपरा काय वेगळा हुकूम घेऊन आलाय?"

"लेन्स बिघडली असंल," केसरीनाथ म्हणाला.

त्याने लेन्स तपासली. पुढच्या आठवड्यात कॅमेरा वेगवेगळ्या जागी लावून फोटो काढले, कोपरा चित्राच्या मधोमध घेतला, उजव्या टोकाला घेतला, उलट्या बाजूने घेतला. कुठूनही घ्या, सगळा कारखाना हललेला आणि स्टूल तेवढं जागच्या जागी. केसरीनाथ बुद्धीने चालणारा माणूस. दोन बाजूंच्या लूमचा थरथराट तिथे एकमेकांना खाऊन टाकत असेल, असं त्याने ठरवून टाकलं, आणि हे आपल्याला सुचलं म्हणून स्वतःवर खूशही झाला.

मग भर कामाच्या वेळी, सगळे लूम चालू असताना, त्याने एक पेला काठोकाठ भरून त्या स्टुलावर ठेवला. पाण्यावर एकही वलय उठलं नाही. मोहिउद्दीन मुद्दाम दुकान सोडून आला होता. त्याने स्टुलावर तळहात टेकवला आणि चटकन उचलला.

"गार हाय यार," तो हात चोळत म्हणाला. "आणि तिथं लूमचा आवाज कमी येतो का, की मलाच तसं वाटलं?"

केसरीनाथने ऐकलंच नाही. त्याला आनंदाने वेड लागायची पाळी आली होती. आयुष्यभर जे शोधलं ते त्याच्याच कारखान्यात, त्याच्याच बायकोच्या बसायच्या जागी पडून होतं!

३

त्याच्या बायकोला, चंद्राला, घरात 'रेडिओ' म्हणत. पडघ्याची पोर, बोलायला लागली की लूमवर आवाज चढवायची. मनगटांत काचेच्या बांगड्या गच्च भरलेल्या. ती नुसती बसली तरी जमिनीच्या थरथराटाने त्या आपोआप किणकिणायच्या. त्या बारीक किणकिणाटाची केसरीनाथला इतकी सवय होती की तो त्याला ऐकूही यायचा नाही. एकच गोष्ट तिला छळायची ती म्हणजे डोकेदुखी. लूमच्या आवाजाने तिचं कपाळ ठणकायचं आणि ती कपाळाला ओला फडका बांधून कामं करायची.

तिला त्याने स्टुलावर बसवलं. हातात चहाचा ग्लास दिला. मागे नामा आणि बाकीचे कारागीर लूम चालवत होते. केसरीनाथने कॅमेऱ्यात डोळा घातला आणि ओरडला, "हलू नको!"

चंद्रा हलली नाही. फोटो झाल्यावरही ती थोडा वेळ तशीच बसून राहिली.

"झाला गो. ऊठ."

"मना हितं बरा वाटतं," ती म्हणाली. "डोकं कसा एकदम गप झाला."

शुक्रवारी तो फोटो छापला आणि मोहिउद्दीन दारातच खाली बसला. मागे लूमचं राखाडी वादळ. सुताचे धागे धुरासारखे पसरलेले, नामाचा नुसता एक पुसट डाग. आणि त्या गदारोळात चंद्रा. ग्लासावरची वाफ दिसत होती. नाकातल्या चमकीचा खडा दिसत होता. डोळ्यांत समोरची खिडकी दिसत होती.

"नाक एकच हाय," मोहिउद्दीन म्हणाला, आणि दोघेही वेड्यासारखे हसत सुटले.

ठाण्याच्या प्रदर्शनात त्या वर्षी पहिलं बक्षीस कामतघरला आलं. माइकवरून नाव पुकारलं गेलं, खांद्यावर शाल पडली, आणि परीक्षकांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "चालत्या कारखान्यात हे जमवलंत कसं?" केसरीनाथ नुसता हसला. घरी परतल्यावर कारागिरांनी त्याला खांद्यावर घेतलं, त्याची आई आक्का हिने भाकर ओवाळून टाकली, गल्लीत पेढे वाटले. इतका ताठ मानेचा दिवस त्याने कधी पाहिला नव्हता. तो फोटो त्याने मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला.

त्या गडबडीत एकच गोष्ट राहून गेली. पेढा घ्यायला चंद्रा कुठेच दिसेना. ती कोपऱ्यात बसली होती.

४

पहिल्यांदा आक्काला जाणवलं.

"केसरी, तुझी बायको बोलत का न्हाय रं?" एका सकाळी ती म्हणाली. "घरात कोन मेल्यासारखा शांत वाटतंय."

"डोकं दुखायचं थांबलंय तिचं. बरं हाय ना उलट?"

"दुखनं गेला ते बरा झाला. पण ती कुठं गेली?"

केसरीनाथने हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी जेवताना तो चंद्राकडे बघत राहिला. कारखाना चालू होता. त्याच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं, आक्काच्या पेल्यातलं थरथरत होतं. चंद्राने आपला पेला उचलून हातात धरला आणि त्यातलं पाणी काचेसारखं सपाट झालं. तिने पेला खाली ठेवून हात काढला तेव्हा कुठे पाण्याला पुन्हा वलय आलं, तेही जरा उशिराने, विचारून आल्यासारखं.

मग त्याच्या कानांना कळलं की काय हरवलंय. बांगड्या. मनगटं तशीच भरलेली होती, पण बांगड्या वाजत नव्हत्या.

तिचा हात घट्ट असेल, म्हणून पेला हलला नसेल. बांगड्या नव्या असतील, दाटून बसल्या असतील. एकेक कारण तो स्वतःला देत गेला आणि एकेक कारण गळून पडत गेलं. बांगड्या त्याच होत्या. त्याने घरातच तिचे फोटो काढले, स्वयंपाक करताना, केस विंचरताना. शुक्रवारी छापून पाहिले तर चूल हललेली, कपाट हललेलं, आणि चंद्रा मात्र लख्ख स्पष्ट, तिची पुढे झुकलेली वेणीसुद्धा हवेत थांबलेली. कोपरा आता कोपऱ्यात राहिला नव्हता. तो तिच्याबरोबर घरात आला होता.

संध्याकाळी तो तिच्या शेजारी जाऊन बसला. ती भिंतीकडे बघत होती.

"चंद्रा, तू इतकी गप का असतेस?"

ती भिंतीकडेच बघत राहिली. मग ओठ फारसे न हलवता म्हणाली, "तुम्हीच तं बोलता ना, हलू नको म्हनून."

"मी? ते त्या दिवशी. फोटोसाठी."

"न्हाय. रोज बोलता. पाठीमागं हुभं राहून."

तो फोटो काढताना तिच्या समोर उभा होता. तिच्या पाठीमागे तर कारखान्याची भिंत होती.

५

त्याने ते स्टूल उचललं आणि कुऱ्हाडीने फोडून बंबात घातलं. ते बाकीच्या लाकडांसारखंच जळलं. आपण उगाच बाऊ केला असं क्षणभर त्याला वाटलं, आणि मागे वळून पाहतो तर चंद्रा कोपऱ्यात जमिनीवर जाऊन बसलेली. हात तसाच पुढे, ग्लास धरल्यासारखा.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे, जीभ, नाडी पाहिली, अशक्तपणा आहे म्हणाले आणि टॉनिक लिहून दिलं. चार दिवस माहेरी पडघ्याला पाठवा, बरं वाटेल, असंही सांगितलं. ते केसरीनाथला पटलं. शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हाच पोचवून यावं असं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशी त्याने बक्षिसाच्या फोटोची निगेटिव्ह काढून भिंगाखाली धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. चंद्राचा चेहरा काळा, केस पांढरे, मागची भिंत काळपट. तो इंच इंच पाहत गेला. डाव्या खांद्यावर पदराला खळगे पडले होते. शेजारी शेजारी, ओळीने. कुणी वरून दाबून धरावं तसे.

पदराच्या चुण्या, त्याने स्वतःला बजावलं. उजेड तिरका पडला की चुण्या अशाच दिसतात. बाहेरच्या खोलीत जाऊन मोठ्या फोटोतही पाहून यावं असं त्याच्या मनात आलं. पण तो गेला नाही.

६

रात्रभर डोळा लागला नव्हता, त्यामुळे शुक्रवारी तो जागा झाला तो दुपारीच, शांततेने. नेहमी ही शांतता त्याला सणासारखी वाटायची. त्या दिवशी डोळे उघडताच तो उठून बसला. आज लूम बंद. आज सगळ्या कामतघरात कुठलंच पाणी हलणार नाही. आज त्या कोपऱ्याला अडवायला काहीच नाही.

शेजारची जागा रिकामी होती.

तो धावत कारखान्यात गेला. झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. चंद्रा कोपऱ्यात होती. हातात चहाचा ग्लास, मान जराशी उजवीकडे, डोळे समोर. हुबेहूब फोटोतल्यासारखी. ग्लासावर वाफ होती. ती वर जात नव्हती.

"चंद्रा!"

त्याने तिचा दंड धरून हलवला. खांबाला धरून हलवावं तसं झालं. हात गार होता. पापणी लवेना. नाकाशी बोट धरलं तर काही लागेना. कारखान्याच्या हवेत सुताची बारीक पिसं नेहमी तरंगत असतात. तिच्या तोंडापुढची पिसं उन्हात जागच्या जागी लटकली होती. तो बघत असतानाच त्यांच्या पलीकडची पिसंही मंदावली आणि थांबली. मग त्यांच्या पलीकडची. कोपरा वाढत होता.

आक्का मागे येऊन उभी राहिली होती. "तिला कोनी तरी धरून ठेवलीय रं," ती हळूच म्हणाली. "तू सोडव."

केसरीनाथला रडू फुटलं. ही बाई गेली तर मी या घरात काय करू, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. जन्मभर त्याने थरथराटाला शिव्या घातल्या होत्या. फोटो नासतो म्हणून, पेला सांडतो म्हणून. आणि तोच थरथराट इतकी वर्षं इथे कुणाला तरी थोपवून होता. तिला हलू नको म्हणून बसवलं ते त्याने, तिचं ते न हलणं कागदावर पक्कं केलं तेही त्यानेच, आणि तेही शुक्रवारी. पक्कं झालेलं मोडायचं तर कागदावरच मोडायला हवं होतं, तोच फोटो थरथराटात पुन्हा छापून. हे शहाणपणाचं नाही, हे त्याला कळत होतं. पण शहाणपणाची सगळी कारणं त्याने वापरून संपवली होती.

"नाक एकच हाय का रे?" दारातून मोहिउद्दीनचा आवाज आला. तो नमाजहून येत होता, टोपी अजून डोक्यावर होती. आतलं बघून तो जागीच थिजला.

"मोहिउद्दीन, लूम हलव," केसरीनाथ ओरडला. "वीज न्हाय, तर हातानं हलव. गल्लीतल्या सगळ्यांना बोलव. कारखाना थरथरला पाहिजे!"

मोहिउद्दीनने का म्हणून विचारलं नाही. त्याने एकदा वहिनींकडे पाहिलं, टोपी खिशात कोंबली आणि पळत सुटला. थोड्याच वेळात चाळीतून माणसं यायला लागली. नामा भरल्या ताटावरून उठून आला होता. बाकीचे शुक्रवारचे धुतलेले पांढरे कपडे घालून, अत्तर लावून आलेले. "क्या हुआ सेठ?" म्हणून एकाने विचारलं, आणि कोपऱ्याकडे नजर जाताच तो लूमकडे धावला. मग एकेकाने आपापल्या लूमचं चाक धरलं.

"खींचो!" मोहिउद्दीन गरजला.

७

घराचा मीटर वेगळा होता, त्यामुळे डार्करूमला वीज होती. केसरीनाथने दार लावलं, लाल दिवा लावला, निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये सरकवली आणि बटण दाबलं. खाली पांढऱ्या फळीवर उलटं चित्र पडलं. काळ्या चेहऱ्याची चंद्रा, पांढरे केस, पांढरे डोळे.

पलीकडे एक लूम खडाक् वाजला. मग दुसरा. कुणाचाच कुणाशी मेळ नव्हता. फळीवरचं चित्र किंचित शहारलं आणि पुन्हा थांबलं.

"जोरात!" तो भिंतीवर मुठी आपटत ओरडला.

"और जोर से!" पलीकडून मोहिउद्दीन ओरडला. आक्का पत्र्याच्या डब्यावर मुसळ हाणत होती. तो आवाज ऐकून शेजारच्या कारखान्यातली माणसं आली, त्यांनी आपल्याकडचे लूम धरले. कुणी पत्रा बडवू लागलं, कुणी जमिनीवर पहारी आपटू लागलं. शुक्रवारी, भर दुपारी, विजेशिवाय, कामतघर जागं झालं. केसरीनाथच्या तळपायांना ओळखीच्या मुंग्या आल्या. ट्रेमधल्या पाण्यावर वलयं उठली. इतकं सुंदर काही त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

फळीवर लूम हलू लागले. खांब हलले, खिडकी हलली. चंद्रा तेवढी हलत नव्हती. एकच काच, एकच उजेड, आणि तरी ती मधोमध खिळा ठोकल्यासारखी.

तेव्हा त्याला तो दिसला. तिच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. आधी निगेटिव्हमध्ये नव्हता, आता होता. चित्रात सगळं उलटं होतं, गोरं ते काळं आणि काळं ते गोरं. हा हात मात्र सुलटा होता. नखं होती, सांध्यांवरच्या सुरकुत्या होत्या. बोटं बरोबर होती की जास्त होती, हे त्याने मोजलं नाही. मनगटाच्या पुढे काय आहे तेही पाहिलं नाही. त्याने दातावर दात दाबून कागद घेतला, त्या चित्राखाली सरकवला आणि दोन्ही हातांनी एन्लार्जरचा खांब धरून गदागदा हलवला.

"हल!" तो ओरडला. "हल गो माझे बाई, हल!"

तिच्या बांगड्यांच्या कडा आधी विरघळल्या. मग ग्लास हलला. मग हनुवटी, नाकातली चमकी, पांढरे डोळे. एका चंद्राच्या दोन झाल्या, चार झाल्या, सगळा चेहरा पाण्यातल्या सावलीसारखा डुचमळू लागला. हात अजून स्थिर होता. पण आता त्याच्याखाली धरण्यासारखं काही नव्हतं. त्याची बोटं एकदा उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आणि तो खांद्यावरून निघाला. थरथराटाने नाही, आपल्या आपण, सावकाश, कागदाच्या काठाकडे सरकत गेला आणि काठाबाहेरच्या अंधारात उतरला.

एन्लार्जर जिथे ठेवला होता त्या टेबलाची कड केसरीनाथच्या पोटाला टेकलेली होती. तो झटकन मागे सरला.

त्याच क्षणी भिंतीपलीकडे, लूमच्या, डब्याच्या आणि आरोळ्यांच्या त्या कल्लोळात, त्याला बांगड्या ऐकू आल्या.

८

तो बाहेर आला तेव्हा चंद्रा उभी होती. खोकत होती, डोळे चोळत होती, आणि तिच्याभोवती घामाने भिजलेल्या पांढऱ्या कपड्यांचं कोंडाळं होतं.

"काय झाला सगल्यांना?" ती ओरडून म्हणाली. "सुट्टीच्या दिशी कसला गोंधल घातलाय? आनि माझा चहा कोनी गार केला?"

आपण काय जिंकलो हे त्यातल्या कुणालाच नीट माहीत नव्हतं. पण जिंकलो आहोत हे सगळ्यांना कळलं होतं. नामाने शिट्टी घातली, कुणीतरी डबा बडवला, मोहिउद्दीन हसता हसता रडत होता, आणि आक्काने सगळ्यांसाठी भात टाकला. कपाळ ठणकतंय म्हणून चंद्राने ओला फडका बांधला तेव्हा केसरीनाथने तिच्यासमोर हातच जोडले. त्या संध्याकाळी ती इतकी बोलली की आक्काने कानांवर हात ठेवले.

त्या दिवशीचा कागद केसरीनाथने धुऊन वाळवला आणि पुढच्या प्रदर्शनाला पाठवला. परीक्षकांनी तो डोळ्यांपासून लांब धरला. "हात हलला वाटतं," ते म्हणाले.

"हो साहेब," केसरीनाथ छाती फुगवून म्हणाला. "गल्लीतल्या सगळ्यांचेच."

बक्षिसाचा फोटो त्याने भिंतीवरून उतरवला आणि न बघता जाळला. पुढे रंगीत रोल आले, आपोआप फोकस करणारे कॅमेरे आले, एका तासात फोटो छापून देणाऱ्या लॅब आल्या. एन्लार्जरवर धूळ चढली. मोहिउद्दीनने नव्वदच्या दशकात नवा जपानी कॅमेरा विकायला ठेवला आणि त्याचं गुणगान करताना म्हणाला, "यात एक बटण हाय. हात हलला तरी फोटो हलत न्हाय." केसरीनाथने तो कॅमेरा जसा घेतला तसा परत त्याच्या हातात दिला.

त्या कोपऱ्यात आता एक लूम बसवलेला आहे. जुना, आवाज करणारा, मुद्दाम निवडून आणलेला. त्याच्या चौकटीवर शुक्रवारी सकाळी पाण्याने भरलेला पेला ठेवतात, आणि दिवसभरात जो कुणी तिथून जाईल तो चाकाला एक हिसका देऊन पुढे जातो. आक्का थकली तरी देत असे. मोहिउद्दीन नमाजहून येता येता देतो. पाण्यावर वलयं उठतात, काठापर्यंत जातात. मधूनच एखाद्या शुक्रवारी ती काठाच्या जरा अलीकडेच थांबतात, आणि मग केसरीनाथ हातातलं काम टाकून चाक फिरवत बसतो.

संध्याकाळी चंद्रा बांगड्या वाजवत येते, काहीतरी बोलत बोलत तो पेला उचलते आणि गटागटा पिऊन टाकते.